घट्ट झालेला पट्टा

अगं सुमे, जवळ बस जरा. चार महिने तोंड दाखवलं नाहीस, शोभतं का? आपल्या बंड्या कुत्र्याचा पट्टा गळ्याला घट्ट व्हायला लागला, तशी मी एकेक भोक सैल करत गेले. वर त्यालाच बोलले, "सुटलायस मेल्या!" आणि त्याची अर्धी भाकरी बंद केली. भुंकणं घोगरं झालं, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेला. त्यांनी गळा चाचपला, गाठीत सुई घालून तपासलं, छातीचा एक्स-रे काढला. म्हणाले, "आजी, थायरॉईडचा कॅन्सर आहे. छातीत पसरलाय." रोज माझा हात तिथेच फिरत होता गं! जवळच्यांवरून नुसताच हात फिरतो आपला, लक्ष कुठे असतं? आता पोटभर देते, पण त्याला गिळवत नाही. फाटकाची कडी वाजली की मात्र अजून उठून बसतो. तो उठतोय तोवर अशी येत जा.