हर्सूलच्या तळ्यावर उतरलेले

माझ्या नवऱ्याची स्कूटर जालना रोडवर विमानतळाच्या अलीकडं वाळूवरून घसरली, तेव्हा आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. ते चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते आणि मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. डोक्याला मार लागला. अकरा दिवस शुद्ध नव्हती. बाराव्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, "बाई, जरा पाणी देता का?"

मला नर्स समजले असतील असं वाटलं. मी पाणी दिलं. दुसऱ्या दिवशीही मी बाईच होते. डॉक्टर म्हणाले, आठवण हळूहळू येईल, किंवा येणारही नाही. भेटायला येणारे सगळे म्हणत होते, जीव वाचला हे काय थोडं झालं. ते खरंच होतं. मी मान हलवत होते. दाढ काढताना सुई दिली की ओठ असतो, पण आपला वाटत नाही. मला तसं सगळ्या अंगाचं झालं होतं.

घरी आल्यावर सासूबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ओवाळून टाकला. यांनी मला हळूच विचारलं, "या कोण?"

सासूबाईंना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "मी तुझी माय हाय. बस आधी. मंग वळख."

अपघाताआधीचे ते मोठ्यानं बोलायचे. हसले की तीन घरं सोडून ऐकू जायचं. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवून उठायचे आणि तासाभरानं आपणच पुन्हा येऊन जेवायचे. परत आलेले ते हळू बोलत. आपलं ताट आपण घासत. वाळलेल्या चादरी कोपऱ्याला कोपरा लावून घडी घालत. शेपूच्या नुसत्या वासानं घराबाहेर जाणाऱ्या माणसानं एक दिवस शेपू मागून घेतली. मला 'तुम्ही' म्हणत आणि बाहेरच्या खोलीत झोपत. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण वाईट वाटलं नाही. चांगलंही वाटलं नाही.

चार महिन्यांनी ते कामावर गेले. हातांना सगळं आठवत होतं, पाना हातात घेतला की हात आपोआप चालत. पण हजेरीच्या वहीतली सही जुन्या सहीशी जुळेना. कारकून म्हणाला, सराव करून या. ते जुनी सही असलेला कारखान्याचा पास घेऊन घरी आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून पानंच्या पानं आपलं नाव लिहीत राहिले.

"अशी करायचो का मी?"

"शेवटची रेघ अजून लांब," मी म्हणाले.

शाळेत मुलींच्या आकृत्या दुरुस्त करते तशी मी त्यांची सही दुरुस्त केली. दोन दिवसांत जमली. कारकुनानं मान्य केली.

त्याच आठवड्यात मी कादंबरी लिहायला घेतली. ठरवून काही नव्हतं. शाळेत मुलींच्या जुन्या प्रयोगवह्या पडलेल्या असत, एक पान रेघांचं, एक कोरं. मोकळ्या तासाला मी कोऱ्या पानांवर लिहू लागले. दुसऱ्या ग्रहावरचे लोक गावाबाहेरच्या हर्सूलच्या तळ्यावर उतरतात. आवाज नाही, उजेड नाही. ते कुणाला मारत नाहीत. ज्याची शुद्ध हरपलेली असेल त्याच्यात शिरून राहतात. सरकारचा हुकूम निघतो, ज्याच्या घरातलं माणूस बदललं असेल त्यानं कळवावं. एका बाईचा नवरा बदललेला असतो. ती कळवत नाही आणि हळूहळू तिचा त्या आलेल्यावर जीव जडतो.

परग्रहावरच्यांना मी नाव दिलं नाही, नुसतं 'ते' म्हटलं. आमच्यात बायका नवऱ्यालाही 'ते'च म्हणतात, हे लिहिताना माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

चौथी वही चालू असताना एका रविवारी दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले, तर ते पलंगावर बसून तिसरी वही वाचत होते. पहिल्या दोन शेजारी होत्या, वाचून झालेल्या.

"ही तुमची का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"यातली बाई घाबरत का नाही?"

"तिला काही वाटत नाही. म्हणून."

त्यांनी बोट आत ठेवून वही मिटली. मग म्हणाले, "मग ती त्याला ठेवून घेते ते जीव जडला म्हणून, का काही वाटत नाही म्हणून?"

मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले.

"एक चुकलंय," ते म्हणाले. "आपण बाहेरून आलोय हे त्याला माहीत असतं असं तुम्ही लिहिलंय. ते माहीत नसतं. मी सकाळी उठतो तेव्हा मीच असतो. मग तुम्ही चहा घेऊन येता आणि माझ्या तोंडाकडं बघून दुसऱ्याला शोधता. तेव्हा कळतं."

मी विचारलं, "राग येतो का माझा?"

"नाही. तो कसा होता ते मलाही बघायचंय."

त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पुष्कळ बोललो. मी त्यांना त्यांच्याबद्दल सांगितलं, ताट सरकवण्यासकट. ते ऐकून म्हणाले, "त्रासाचा माणूस दिसतो." मी म्हणाले, होता. आणि मग मीच म्हणाले, मला आवडायचा.

मी चारही वह्या बाजूला ठेवल्या आणि कादंबरी पुन्हा लिहायला घेतली, त्या आलेल्याच्या तोंडून. दर रविवारी ते सांगत, मी लिहीत असे. एकदा आम्ही सिटी बसनं हर्सूलला जाऊन तळं बघून आलो. काठावरचा गाळ पायानं दाबून बघत ते म्हणाले, एवढ्या वजनाचं यान इथं उतरलं तर रुतून बसेल, परत उडणार नाही. मी म्हणाले, त्यांना परत जायचंच नाहीये. "मग ठीक आहे," म्हणाले. येताना बसमध्ये त्यांनी माझी पिशवी मांडीवर घेतली. केव्हातरी त्या दिवसांत ते मला 'तू' म्हणू लागले. नेमकं कधी, ते मला सांगता येत नाही. माझं लक्ष नव्हतं.

शेवट मात्र जमेना. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर बाई काय म्हणते, तिथं मी अडले होते. सासूबाईंना वाचता येत नसे. त्या म्हणाल्या, "इतकं काय लिव्हता तुमी दोघं? मला बी वाचून दाखव." मी आठ-दहा दिवस दुपारी वाचून दाखवलं. त्या ज्वारी निवडत ऐकत. परग्रह म्हणजे काय हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. वाचून झाल्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

"रझाकाराच्या वक्ताला ह्याचा बाप हद्द वलांडून नगरकडं पळाला व्हता," त्या म्हणाल्या. त्यांचं गाव वैजापूरच्या पलीकडं होतं, निजामाच्या हद्दीला लागून. "पोलीस ॲक्शन झाली, मंग परत आला. समदी म्हनली, धनी आला. व्हय, आला. पन जो गेला व्हता तो नाय आला. पह्यला ढोरांशी बी बोलायचा. ह्यो लई गप. तिकडं काय बघितलं, कधी बोलला नाय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करायचं? भाकरी केली. पाटलानं इचारलं, ह्योच का तुझा नवरा? व्हय म्हनलं." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तुझा नवरा त्या दुसऱ्याचाच. तवा जन्मला."

मी शेवट लिहिला. अधिकारी विचारतो आणि बाई म्हणते, हाच माझा नवरा. एवढंच. ती रडत नाही, त्याचा हात धरत नाही.

पुण्याच्या एका प्रकाशकानं कादंबरी परत पाठवली. विज्ञान बरं आहे, पण नायिका ऐन वेळी फार थंड वाटते, असं कळवलं. मी बदललं नाही. वर्षभरानं आमच्याच गावातल्या एका छोट्या प्रकाशकानं ती छापली. यांनी एक प्रत कारखान्यात नेली. जेवणाच्या सुट्टीत ती पुष्कळ हातांतून फिरली असं म्हणत होते.

लेथवर काम करणारा यांचा एक जुना जोडीदार होता. अपघातानंतर दोनदा घरी आला आणि मग यायचा बंद झाला होता. मला त्याचा राग होता असं नाही, मी त्याला विसरूनच गेले होते. पुस्तक वाचून एका संध्याकाळी तो आला. चपला काढून दारातच थांबला.

"भाभी, मी त्याला भेटायला यायचो आणि तो मिळायचा नाही," तो म्हणाला. "म्हणून सोडलं यायचं. घरी जाऊन रोज रडायचो मी. आता जे आहेत, त्यांना भेटू का?"

सहा वर्षं रोज एका डब्यात जेवलेला माणूस. तो रडला होता. त्या आधीच्या माणसासाठी कुणीतरी रडलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणाले, आत या.

त्यानं आत जाऊन आपलं नाव सांगितलं आणि हात पुढं केला. यांनी हात हातात घेतला आणि पलंगावर सरकून जागा केली. मी चहा ठेवायला गेले. बाहेर दोघं यानाच्या वजनावरून बोलत होते. मी ओट्याला टेकून बराच वेळ ऐकत राहिले आणि साखर दोनदा घातली गेली. तो चहा त्यांनी तसाच प्यायला.

तो पुढं येत राहिला. ते त्यानंतर अठरा वर्षं जगले. जुनं काही आठवलं नाही. पुस्तकाच्या दुसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. ती आता पुण्याला नोकरी करते. कादंबरी तिनं अजून वाचलेली नाही. तिला परग्रहावरच्या गोष्टी आवडत नाहीत.