तात्कालिक कारण: खरूज

आमच्या काकांनी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि एकाही वहीची एकही ओळ न वाचता सोडली नाही. मी सख्खा पुतण्या, तरी उत्तरात ‘इत्यादी’ लिहिलं म्हणून माझा मार्क कापला. “पुढचं आठवत नाही असं सरळ लिही ना, गाढवा!” निवृत्तीनंतर माणसं बागेत कुंड्या मांडतात, काका दर शनिवारी मुलांच्या सुधारगृहात फुकट शिकवायला जाऊ लागले. ने-आण माझ्याकडे, कारण घरातला मान्यताप्राप्त रिकामटेकडा मी.

त्या जागेचं वर्णन नाकानंच करावं लागेल. फिनेल, न वाळलेले कपडे आणि तुंबलेली मोरी. नळापाशी साबणाची एक वडी दोऱ्यानं चार तुकडे करून ठेवलेली. एक तुकडा, चार मुलं, अख्खा महिना. तुकड्यांवर चिकटलेले केस. निम्मा वर्ग बोटांच्या बेचक्यात खाजवत इतिहास ऐकायचा. पहिल्या दिवशी मी तोंडावर रुमाल दाबला, तर काका म्हणाले, “बाहेर जाऊन ओक. वर्ग चालू आहे.”

त्यांची पद्धत एकच. राजेरजवाडे नंतर, आधी स्वतः पाहिलेल्या गोष्टीचा इतिहास लिहा. कारणे, घटना, परिणाम. तारीख हवी, साक्षीदार हवा. “नाहीतर त्याला गप्पा म्हणतात.”

सोळा वर्षांच्या एका मुलाला सगळे ‘वकील’ म्हणायचे, जेवणाच्या रांगेतही हुज्जत घालायचा म्हणून. त्यानं अकरा पानं लिहिली. घटना: कोठीची खिडकी फोडून सहा साबण घेतले. दूरची कारणे: साबणाचं वाटप, दोन पानं. तात्कालिक कारण: खरूज. पुढे तारीख, वेळ, दोन साक्षीदार. काकांनी खुशीत लाल शाईनं शेरा मारला: ‘पुरावा पक्का. शाबास!’

वह्या वर्गातल्या कपाटात राहायच्या आणि कपाटाची किल्ली अधीक्षकांकडे. एवढं साधं काही काकांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढच्या शनिवारी अधीक्षक चहात बिस्किट बुडवत म्हणाले, “सर, तुमचा शेरा फार कामाला आला हो.” वकिलाच्या सुटकेची सुनावणी तोंडावर होती. अधीक्षकांनी वही फाईलला जोडली होती: वर्तन वाईट, शिक्षकाची लेखी खात्री. म्हणजे पोरगं आणखी वर्षभर आत.

“ती अभ्यासाची वही आहे,” काका म्हणाले.

“पण ‘पुरावा पक्का’ कुणी लिहिलंय? मी?” बिस्किट तुटून कपात पडलं. त्यांनी ते बोटानं काढून खाल्लं आणि तेच बोट फाईलला पुसलं.

घरी काकांनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही. “दोन घास खा तरी,” काकू म्हणाली, “का त्यालाही साक्षीदार आणू?”

सुनावणीला बाल न्याय मंडळाचे तीन सभासद होते, वकील भिंतीशी उभा. अधीक्षकांनी वही उघडताच काका उठले. “तो शेरा मी सगळ्यांना देतो. न वाचता.”

मी आ वासला.

“न वाचता?” मधल्या खुर्चीतल्या बाईंनी विचारलं.

“पोरांचा हात चालावा म्हणून वाटेल ते लिहायला सांगतो. तेहतीस वर्षं हेच केलं. कोण वाचत बसतंय?”

वाटलं, कुणाला तरी धक्का बसेल. छे! तिघंही हसली. “आमचे मास्तर तरी कुठे वाचायचे,” एक जण म्हणाले. एवढं खोटं, आणि इतक्या चटकन गळी उतरलं की मला त्या तिघांची शिसारी आली.

बाईंनी अधीक्षकांना विचारलं, “खिडकी फुटल्याची तक्रार कधी केलीत?” अधीक्षक चष्मा पुसू लागले. तक्रार केली असती, तर चौकशीला आलेल्यानं कोठी उघडून न वाटलेले साबण पाहिले असते.

सुटका मंजूर झाली. साबणाचं कुणीच काही विचारलं नाही.

बाहेर व्हरांड्यात वकिलाची आई पिशवी घेऊन उभी होती. तो तिच्याकडे न जाता आधी काकांकडे आला.

“सर, अकरा पानं होती.”

अधीक्षक दारातच उभे होते, कान देऊन.

“असतील,” काका म्हणाले.

“एकही नाही वाचलंत?”

“नाही.”

त्यानं आईच्या हातातली पिशवी घेतली आणि मागे न बघता चालू लागला. अधीक्षक आत जाईपर्यंत काका जागचे हलले नाहीत. मग फाटकाकडे धावले, चप्पल सुटेस्तोवर. रस्त्यावर कुणी नव्हतं.