जिभेला खाडा नसतो

“बाई, मशीन बोलाय लागलं तर पोरीची जीभ आळशी व्हईल,” असं म्हणून तात्यांनी डबा माझ्याकडे परत सरकवला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीच्या एका दवाखान्यात स्पीच थेरपिस्ट होते. ज्यांचं बोलणं अडतं त्यांना बोलतं करायचं, हे माझं काम. समोर अंथुर्णे गावचे तात्या, त्यांची सून सुनीता आणि पाच वर्षांची नात कोमल. कोमलला डाऊन सिंड्रोम होता. तो जन्मतःच असतो. जिभेचे स्नायू सैल राहतात, शब्द उशिरा फुटतात. कोमलला कळायचं सगळं, सांगता काही यायचं नाही.

सुनीताला एकच हवं होतं, पोर बालवाडीत बसावी. पण शू लागल्याचं सांगता येत नाही म्हणून बालवाडीच्या बाईंनी तिला घरी पाठवलं होतं. सांगायला लागली तर दिवाळीनंतर घेऊ, म्हणाल्या होत्या.

त्यासाठी हा डबा. एमआयडीसीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याच्या हात धुऊन मागे लागून मी तो करून घेतला होता. चार मोठी बटणं, प्रत्येकावर चित्र. बटण दाबलं की रेकॉर्ड केलेलं वाक्य ऐकू येतं.

“तात्या, कोमलला तहान लागलेली तुम्हाला कसं कळतं?”

“त्यात काय? तोंड बघून कळतंय.”

“आणि तुम्ही रानात असता तेव्हा?”

तात्यांनी डबा पुन्हा जवळ ओढून उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाले, “दिवाळीपतूर बघू.”

पाणी, भूक आणि शू ही तीन बटणं मी ठरवली. चौथ्यावर काय हवं, असं विचारल्यावर सुनीता हसून म्हणाली, “तात्यांस्नी हाक. घरात तिला तेवढंच लागतंय.” कोमलच्या चुलतबहिणीच्या आवाजात सगळं भरलं. सूचना एकच दिली: तिनं बटण दाबेपर्यंत काही द्यायचं नाही. हे तात्यांना फार जड गेलं. नातीनं भांड्याकडे नुसतं पाहिलं तरी त्यांचा हात तांब्याकडे जायचा. सुनीता डोळे वटारायची, मग हात मागे.

हळूहळू कोमल पाण्याचं बटण दाबायला लागली. मी खूश होते. खंडेनवमीला सुट्टी होती, म्हणून सहज अंथुर्ण्याला गेले.

ओसरीवर हत्यारांची पूजा मांडली होती. कोयते, खुरपी, ट्रॅक्टरचे पाने, घरात मेंढरं होती तेव्हाची लोकर कातरायची कातर. आणि मधोमध, हळदीकुंकू लावलेला, झेंडूची माळ घातलेला माझा डबा! माझं डोकंच फिरलं.

“तात्या, हा इथे काय करतोय?”

“बाई, किमती हत्यार हाय. पुजाया नको? आज हात न्हाय लावायचा, उद्या दसऱ्याला काढू.”

“आणि आज पोरीनं काय करायचं?”

तात्या काही बोलायच्या आत कोमल चुळबुळत आली. पाय आवळून धरलेले. सुनीता तिला उचलायला धावली, मी हातानंच थांबवलं. माझाही जीव टांगणीला लागला होता. कोमल सरळ पूजेपुढे बसली, माळ बाजूला सारली आणि बटण दाबलं.

“तात्या, हिकडं या!”

तात्या उठून गेले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि दुसरं बटण दाबलं.

“मला शू आली.”

तात्यांनी एका काखेत नात घेतली, दुसऱ्या काखेत डबा, आणि परसाकडे पळता पळता ओरडले, “ह्यो हत्यारात मांडला कुणी? जिभंला कुठं खाडा असतोय व्हय?”

मांडला त्यांनीच होता. सुनीता पदरात तोंड घालून हसत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते. माझेही.

दिवाळीनंतर कोमल डबा घेऊन बालवाडीत बसली. बटणातली हाक रोज ऐकून ऐकून उन्हाळ्यापर्यंत ती स्वतःच्या तोंडानं ‘ताता’ म्हणायला लागली. बहुतेक मुलांचं असंच होतं, मशीन जिभेला आळशी करत नाही. तात्या मुद्दाम तक्रार घेऊन दवाखान्यात आले. “बाई, दिसभर हाका मारती. बसू दिना मला.” चेहरा मात्र पेढे वाटायला आल्यासारखा.

त्यानंतर डबा देताना मी तीन सूचना द्यायचे. सेल वेळेवर बदला. पाण्यात पाडू नका. आणि पूजा करायची तर करा, पण पोराच्या हातात ठेवून करा.