शमीमखालांचा ड्रम

"आधी बोल, किती चपात्या?" शमीमखालांच्या मेसमध्ये ताट वाढायच्या आधी हा सवाल यायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या चिमटा घेऊन समोर उभ्या. वाळूजच्या कंपनीतून मी दमून यायचो, भुकेनं जीव चाललेला, आणि इथं ही उलटतपासणी! पण टीव्ही सेंटरच्या भागात तसं वरण दुसरीकडं मिळत नव्हतं. मुकाट्यानं आकडा सांगायचो.

हा जाच सुरू झाला महापालिकेच्या नियमानं. हॉटेल-मेसवाल्यांनी ओला कचरा आपल्याच जागेत जिरवायचा. घंटागाडी तो नेणार नाही. खालांनी मागच्या अंगणात खताचा ड्रम मांडला. सालं, देठं, चहाचा चोथा, सगळं त्यात. उरलेलं अन्न मात्र नाही. "अन्न सडवायला टाकू? तोबा, तोबा! मेले तरी नाय." उरल्या चपात्या, भात त्या पिशवीत घालून फाटकाला लटकवायच्या, आपल्याकडं बरेच जण लटकवतात तसं. म्हशीवाला घेऊन जाई. एकदा निरीक्षकाला ती पिशवी दिसली आणि उघड्यावर कचरा म्हणून नोटीस आली. पुन्हा सापडलं तर मेसला कुलूप. नवरा गेल्यापासून खालांचं घर या मेसवरच चाललेलं.

मग काही उरूच नये म्हणून त्यांच्या पायाला भिंगरी लागली. दुपारपासून फोन सुरू. "येणार का नाय? साफ बोल, मी कणीक भिजवायलेय." भाताचं झाकण दहादा उघडून बघायच्या. आम्हाला ताटात घास टाकायची धास्ती. एकदा मी वैतागलोच. "खाला, जेवू द्या की सुखानं!"

"तू जेव सुखानं. इथं माझ्या काळजाचं पाणी व्हायलंय, त्याचं काय?"

मे महिन्यात एका दुपारी सात-आठ पोरं, येतो म्हणून सांगून, परस्पर लग्नाच्या जेवणाला गेली. खालांनी रिक्षावाले, वॉचमन, समोरचा शिंपी, दिसेल त्याला हात धरून आणलं. "या ना भाऊ, दोन घास." तरी अर्धं पातेलं उरलं. म्हशीवाला नेमका गंगापूरला गेलेला. संध्याकाळपर्यंत उकाड्यानं वरण आंबलं, आणि सकाळी निरीक्षक येणार होता.

खालांनी डोक्यावरून ओढणी घेतली आणि पातेलं ड्रमपाशी नेलं. एकदम ओतवेना, म्हणून वरण वाढायच्या डावानं थोडं थोडं टाकत राहिल्या. प्रत्येक डावाला "अल्ला, माफ कर." मला गलबलून आलं. वर पालापाचोळा टाकायला पुढं झालो, तर म्हणाल्या, "राहू दे. मीच झाकते."

सकाळी निरीक्षक ड्रम उघडून खूश झाला. "वा खाला, जमलं की तुम्हाला! सगळा ओला कचरा बरोबर आत."

"साहेब, कचरा नव्हता तो," खाला म्हणाल्या. "माझ्या पोरांचं जेवण होतं."

मेस वाचली. आम्ही हुश्श केलं. पण महिना संपता संपता खालांनीच ती बंद केली आणि पैठणला बहिणीकडं निघाल्या. मी भांडलो त्यांच्याशी. नियम पाळला, निरीक्षक खूश आहे, मग आता काय अडलं?

"पाळला ना," सामान बांधता बांधता त्या म्हणाल्या. "पण पुन्हा हात धजायचा नाय माझा."