पहिल्या तीन पायऱ्या

माझा मामा झोपेत आकडे बोलायचा. दुपारी जेवून जरा आडवा झाला की पाच मिनिटांत सुरू व्हायचं, "तीनशे बारा... तीनशे तेरा..." मामी भांडी पुसता पुसता मला म्हणायची, "उतरतोय बघ. तळाला पोचला की उठेल चहाला." आणि खरोखर तसंच व्हायचं.

मामा वेल्डर. गावामागच्या कड्यावरून हिमनदीपर्यंत जाणारा लोखंडी जिना त्याच्या हातचा. लोक त्याला शिडीवाला म्हणत आणि तो दरवेळी चिडे. "शिडी भिंतीला टेकवतात. हा जिना आहे!" चौतीस वर्षांपूर्वी बर्फ कड्याच्या इतका जवळ होता की तीन पायऱ्यांत काम भागलं. पुढच्या वर्षी बर्फ खाली गेला आणि तिसरी पायरी अधांतरी राहिली. मामानं दोन वाढवल्या. मग चार. मग एकेका वर्षी वीस-वीस. बर्फ पुढे आणि मामा मागे, असा तो पाठलाग चालला होता. आता चारशे अठरा पायऱ्या झाल्या होत्या.

दर वर्षीच्या पहिल्या पायरीवर तो छिन्नीनं साल कोरायचा. लहानपणी त्याच्याबरोबर खाली जाताना मला वाटायचं, आपण पायऱ्या उतरत नाही, वर्षं उतरतोय. वर लख्ख ऊन असायचं. जसजसं खाली जावं तसतसा उजेड निळसर होत जायचा आणि आवाज विरघळून जायचे. मामा हातोडीनं प्रत्येक बोल्टवर हलकेच ठोकायचा. टण्. "ही तू जन्मलीस त्या वर्षीची." टण्. "इथे तुझा पहिला दात पडला." तळाशी मी बर्फाला कान लावायची. आत खोलवर पाणी काहीतरी पुटपुटत असायचं, झोपाळू माणसासारखं. ऐकता ऐकता माझे डोळे मिटायचे आणि मामा हलवून जागं करायचा.

मामी मात्र कधीच खाली गेली नव्हती. जिन्याच्या तोंडाशी असलेल्या खोलीत, खिडकीपाशी तिचं काम. हिमनदी बघायला उतरणाऱ्या प्रवाशाला हेल्मेट द्यायचं, वर आला की परत घ्यायचं. शेवटचं हेल्मेट खुंटीवर आल्याशिवाय तिला हलता येत नसे, आणि ते येईपर्यंत दिवस कलायचा. लग्न करून आली तेव्हा मामा तिला म्हणाला होता, "चल, तीनच तर पायऱ्या आहेत." पायात नव्या चपला होत्या. ती म्हणाली, "उद्या." मग उद्या काही आलाच नाही. पुढे गुडघे गेले. पण तिला एक स्वप्न पडायचं आणि ते ती कौतुकानं सांगायची. बर्फ परत वर चढून आलाय, थेट खिडकीपर्यंत, आणि ती बसल्या जागेवरून त्याला हात लावतेय.

गेल्या वर्षी दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. मामीनं घरच्या माळ्याच्या जिन्यावर चढ-उताराची तालीम सुरू केली. जाड तळाचे बूट आणले. मोसमाचा शेवटचा रविवार ठरला. खिडकीशी मी बसायचं, म्हणून मी मुद्दाम आठवडाभर आधी गेले होते.

बुधवारी मी मामाबरोबर तपासणीला उतरले. दोनशे सहाव्या पायरीवर त्यानं बोल्ट ठोकला. ठक. परत ठोकला. ठक. पुढचेही सगळे तसेच, मडक्यावर वाजवल्यासारखे. मामानं पान्यानं आवळून पाहिलं, बोल्ट घट्ट होते.

"मग काय बिघडलं?" मी विचारलं.

"बोल्ट घट्ट आहे, दगड सैल झालाय. या कड्यात भेगाच भेगा आहेत बाई. आत पाणी गोठलेलं आहे, त्यानं सगळं धरून ठेवलंय. गेले काही उन्हाळे ते सुटत चाललंय." त्यानं कड्यावर तळहात ठेवला. "अख्खा डोंगर सुटत चाललाय."

जिन्याचा कारभार बघणाऱ्या कार्यालयातल्या साहेबानं कड्याची हालचाल मोजणाऱ्या यंत्राचे आकडे दाखवले. सगळं मर्यादेत होतं. "चार दिवसांनी मोसम संपतोच आहे. मग लावू साखळी आणि पाटी." मला त्या साहेबाचा आजही राग येतो. पण माझं तरी काय वेगळं होतं? घरी येताना मीच मामाला म्हणाले, "रविवारपर्यंत थांब ना. मामी एकदा जाऊन येऊ दे, मग कर बंद."

मामा चालता चालता थांबला. "तिला उतरवलं, तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं अडवू?"

गुरुवारी सकाळी कुणी यायच्या आत त्यानं ग्राइंडर काढला. साखळी काय, लोक ओलांडतात. त्यानं वरच्या बारा पायऱ्याच कापल्या. आता कडेपासून खाली नुसता सरळ कडा होता. ठिणग्या धुक्यात उडत होत्या. आवाज ऐकून मामी खोलीबाहेर आली.

"किती कापल्या?"

"बारा."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर कापवल्या नसत्या गं."

आत जाऊन तिनं हेल्मेटं मोजली. सगळी खुंट्यांवर होती.

रविवारी काहीच झालं नाही. स्वच्छ ऊन पडलं होतं, वाराही नव्हता. मामी नवे बूट घालून दिवसभर खिडकीशी बसून राहिली. साहेबानं मामाचं काम काढून घेतलं. मला मामीची बाजू घ्यावी की मामाची, ते कळेना. दोघांसाठीही जीव तुटत होता.

कडा पडला तो पुढच्या वसंतात, भर दुपारी. धूळ गावावर तासभर तरंगत होती. दोनशेपासून तीनशेपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या गेल्या. जिन्यावर कुणी नव्हतं. बातमी कळताच मी धावत आले, तर दोघं स्वयंपाकघरात चहा घेत बसलेली.

"म्हणजे त्या रविवारी मी सुखरूप जाऊन आले असते," मामी म्हणाली.

"हो," मामा म्हणाला. "आली असतीस."

खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. कप ठेवून तो उठला, मागचं दार उघडलं आणि मामीपुढे हात केला. "चल."

मागच्या दारापासून परस बराच खाली होता आणि तिथे पायरी म्हणून एक हलणारा दगड असायचा. आता दगडाच्या जागी लोखंडी पायऱ्या बसवलेल्या होत्या. तीनच. गंजलेल्या, मधोमध झिजलेल्या, पहिलीवर ते जुनं साल. मामी त्याचा हात धरून उतरली. एक. दोन. तीन. खाली ओलं गवत होतं.

"इथे होता बर्फ," मामा म्हणाला. "तू आलीस तेव्हा."

मामीनं वळून दाराकडे पाहिलं, मग पायाशी पाहिलं.

"एवढंच होतं हो?"

मामाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मामी नव्या गुडघ्यांवर जपून खाली वाकली आणि तिनं त्या गवतावर तळहात टेकवला.