चपलेसकट पाय बुडव

कोंबड्यांच्या शेडमध्ये पाच बायका कामाला असल्या की अंड्यांच्या जोडीने किस्सेही रोज पडतात. अंडी संध्याकाळी गाडीत जातात, किस्से आमच्याकडेच साठतात. लांज्याजवळच्या आमच्या शेडचे हे चार-पाच. हसण्यासारखे आहेत, पण मला आता हसू येत नाही.

*

कोंबड्यांचे तुरे पांढरे पडले, पिवळी-हिरवी हगवण लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी मेलेली एक कापून बघितली, तपासायला पाठवली आणि मग म्हणाले, टायफॉइड आहे, जंतूंचा.

आमच्यातली शेवंती सगळ्यात गरीब स्वभावाची. तिने विचारलं, "मग यांना मऊ भात घालायचा का?"

डॉक्टरसुद्धा हसले. नंतर मला हळूच म्हणाली, "माझ्या झिलाला झालेला गो, पोर मऊ भातावरच होतं, म्हणून विचारलं."

*

डॉक्टरांनी दारात औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवायला लावलं. त्यात पाय बुडवून आत जायचं, म्हणजे बाहेरची घाण आत येत नाही.

आम्ही काय केलं? देवळात जातात तशा चपला बाहेर काढल्या आणि औषध खराब होऊ नये म्हणून घमेल्यावरून टांगा टाकून आत! आठ दिवस पाणी आरशासारखं. आमचे मालक, भाऊ, खूश. बायका किती स्वच्छ म्हणून!

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग दारात उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. शेवंती सवयीने चप्पल काढायला वाकायची आणि मी ओरडायचे, "चपलेसकट पाय बुडव, मगच पुढे ये!" रोज. सगळ्यांदेखत.

*

औषध चालू असेपर्यंत अंडी विकायची नाहीत, पुरायची. कातळात आम्ही काय खणणार, जेसीबी आणला.

एकीने सवयीने फुटकं अंडं बाजूला काढलं. मी म्हटलं, "अगो, सगळी फुटायचीच आहेत." तरी पाचही जणी खड्ड्यात वाकून एकेक अंडं अलगद ठेवत होतो.

*

रोग आला कुठून? शेवंतीच्या घरी दहा गावठी कोंबड्या. मी भाऊंसमोर तोंड उघडलं, "हिच्याच पायांनी आला."

ती एवढंच म्हणाली, "माझ्या कोंबड्या बऱ्या आहेत गो."

नवरा मुंबईला, तो पाठवील तेव्हा पाठवील, घर चालायचं ते या पगारावर. मला ठाऊक होतं. भाऊंनी तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं, तेव्हा मी खाली बघून अंड्यांचे ट्रे लावत होते.

*

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी शेवंतीच्या कोंबड्यांचं रक्त तपासलं. काही नाही. मग आमच्या खाद्याच्या खोलीत त्यांना ट्रेची थप्पी दिसली. एका ट्रेला विष्ठा वाळलेली.

"हे वापरलेले ट्रे कुठून आले?"

बाजारातून. दुकानदार फेकत होता, मला फेकलेलं बघवत नाही. कुठकुठल्या फार्मवर फिरून आलेले. रोगाच्या आधीही मीच आणले आणि नंतरही. नंतर आणले तेव्हा पाय मात्र नीट बुडवले!

डॉक्टर म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही, पण बहुतेक हेच. मी चौथी शिकलेली. एवढं कळायला चौथी पुष्कळ झाली.

*

भाऊंना मीच सांगितलं. ते म्हणाले, तिला बोलावून आण. वाटभर काय बोलायचं ते जुळवत गेले.

शेवंतीच्या कुंपणाच्या बेड्यापाशी, फाटकापाशी पोचले आणि चप्पल काढायला वाकले. ती अंगणातल्या खळ्यातून उठून आली. मागे तिच्या कोंबड्या चरत होत्या. बेड्याच्या आत घमेलं होतं, आमच्यासारखंच, औषधाच्या पाण्याचं.

"मंगलताई, चपलेसकट पाय बुडव," ती हळूच म्हणाली. "मगच पुढे ये."

मी बुडवले. जुळवलेलं सगळं विसरले. पाय काढायला गेले तर म्हणाली,

"राहू देत अजून थोडा वेळ."