सात नंबरचं झाड

मेहबूबभाईंचा फोन आला तेव्हा मी नांदेडात, शाळेच्या स्टाफरूममध्ये दुसऱ्याच्या डब्यातली भाजी चाखत होतो. लातूरला चौकात त्यांचं छत्री दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानासमोर आमच्या सुमनआत्याचं घर. "सर, बाई गेल्या... चहा पिऊन बसल्या, त्या बसल्याच राहिल्या," एवढंच ते बोलले. दीड महिना झाला. पण आत्या आठवली की मला रडू येण्याआधी घाम फुटतो, कारण तिनं मला एकदा झाड केलं होतं.

आत्या भूगोल शिकवायची. निवृत्त झाली, पण सूर्यावरची तिची नजर काही हटली नाही. आमचा चौक म्हणजे निजामाच्या काळातली दगडी कमान, पुढं तव्यासारखी तापणारी फरशी आणि तिच्यावर डोक्याला पदर घेऊन बसलेल्या भाजीवाल्या. हा चौक हिरवा करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांत आधी आनंदली आत्या, आणि नकाशा बघून सगळ्यांत आधी पेटलीही तीच. मधोमध कारंजं, भोवती हिरवळ, हिरवळीला कुंपण! "प्यायला टँकर आन् नाचायला पाणी? आन् आमच्या गयाबाईनं लिंबं घेऊन कुंपणाबाहेर भाजत बसायचं व्हय?" कामावरची तरुण इंजिनिअर मुलगी भली होती. म्हणाली, "आजी, सावली कुठं हवी ते जागेवर दाखवा. सोमवारी नकाशा मंजुरीला जाणार." आत्या म्हणाली, "रविवारी बाराला ये."

मग काय, फोनाफोनी. चाकूरचा चुलतभाऊ सहकुटुंब आला, नांदेडहून आम्ही उभयता. मेहबूबभाईंनी अकरा काळ्या छत्र्या काड्या ठोकून तयार ठेवल्या होत्या, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं नंबर. एप्रिलचं ऊन. कमानीच्या ओट्यावर आत्या शाळेची शिट्टी घेऊन उभी. "पाच नंबर, दोन पावलं मागं! दिल्या, पोट आत घे, तू कडुनिंब हायस!" दिल्या म्हणजे मी, सात नंबर, थेट गयाबाईच्या टोपलीशेजारी. गेली चाळीस वर्षं तिची तीच जागा. ती लगेच छत्रीखाली सरकली आणि मला म्हणाली, "हालू नको रे झाडा." रिक्षावाले विचारत होते, "सर, फळं कवा लागायची?" पण अर्ध्या तासात तेच रिक्षावाले, क्लासची पोरं, पिशव्या घेतलेल्या बाया, सगळे अकरा छत्र्यांखाली जमले होते. मधली फरशी ओस. इंजिनिअर मुलगी लिहायचं थांबून नुसती बघतच राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाच्या तरी उपयोगी पडत होतो, आणि छाती अशी फुगली होती की काय सांगू...

तेवढ्यात गयाबाई पाणी प्यायला उठली. माझ्या चपला तापून चिकटायला लागल्या होत्या. कमानीची पट्टीएवढी सावली चार पावलांवर होती. मी आपला हळूच तिकडं सरकलो. आणि नेमकी तेव्हाच त्या मुलीनं चुन्याच्या फक्कीनं प्रत्येकाच्या पायाभोवती गोल आखायला सुरुवात केली. माझ्याही भोवती आखला. मी बोलायला हवं होतं. पण आत्या पलीकडं टाळ्या वाजवत होती...

कारंजं गेलं, अकरा कडुनिंब आले. "पाच नंबरला पालवी फुटली रे," असे फोन यायचे. पण रोपं लावली त्या दिवशी आत्यानं रांगेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "झाडानं सावलीत उभं राहायचं नसतं, दिल्या."

"मी सांगतो त्यांना."

"गप बस. नकाशा परत उघडला तर कारंजं बी परत यील."

पुन्हा तिनं विषय काढला नाही. ती विसरली, असं मी माझ्या सोयीनं धरून चाललो. परवाच्या दिवाळीत वर तिला चिडवलंही, "आत्या, किती काळवंडलीस!" ती नुसती हसली होती.

तेराव्यानंतर मेहबूबभाईंनी दुकानातून एक छत्री काढून माझ्या हातात दिली. कापड विटलेलं, पण पांढरा ७ शाबूत. "बाई रोज बारा ते दोन स्टूल टाकून गयाबाईजवळ बसायच्या, सर. ही उघडून. म्हणायच्या, गप्पा हाणायलेय... तीन उन्हाळे. काड्या मीच बदलून दिल्या."

छत्री घेऊन मी बाहेर आलो. दहा कडुनिंब माझ्या डोक्यावर गेलेत. अकरावा कमानीला चिकटून, अंग चोरून उभा, थेट माझ्यावर गेलेला. आणि रांगेत जिथं जागा मोकळी आहे, तिथं गयाबाई उन्हात.

हल्ली रविवारी मी लातूरला असतो. पहिल्या रविवारी छत्री उघडून तिथं उभा राहिलो, तर गयाबाईनं वर बघितलंसुद्धा नाही. टोपली सावलीत ओढली आणि म्हणाली, "जरा अलीकडं... हां. आता हालू नको."